तळव्याची वाटेकरीण

इंद्रजितनं मारलेली चापट नंदिनीला दोनदा लागली. एकदा डाव्या गालावर आणि एकदा स्वतःच्याच उजव्या तळहातात. गालावरची कुणालाही लागली असती हो, त्यात नवल काय! तळहातातली मात्र जगात एकट्या तिलाच लागू शकत होती, कारण ती चापट ज्या हातानं मारली त्या हाताचं दुखणं तिच्याकडं यायचं. दंडाला बांधलेल्या पट्ट्यातून यायचं. ती भेलकांडून फडताळावर आदळली, वरचा पितळी डबा खाली पडला, पोहे घरभर झाले. गाल धरावा की तळहात धरावा, तेच तिला कळेना.

"काय झालं गं?" सासूबाई, म्हणजे सुंदराबाई, परसातून धावत आल्या.

"काय न्हाई आई," इंद्रजित म्हणाला. "हात नुसता लागला तिला. हळूच."

नंदिनीनं मान वर केली. ओठ फाटला होता, रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं.

"किती जोरानं मारलास ते मला सांगू नकोस," ती म्हणाली. "तुझा तळवा माझ्याकडं आहे. होता नव्हता तेवढा सगळा जोर लावलास तू."

आता हे असलं विचित्र भांडण कळवाडीसारख्या गावातल्या गुळव्याच्या घरात कसं शिरलं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

इंद्रजितला चोविसाव्या वर्षी दुखणं जडलं. म्हणजे खरं तर दुखणं गेलं, आणि तोच त्याचा आजार. मिरजेच्या डॉक्टर तस्नीम मुजावर यांनी त्याला सोप्या भाषेत सांगितलं होतं. अंगातल्या नसांमध्ये जाड तंतू असतात आणि बारीक तंतू असतात. जाड तंतू हात हलवतात, काय धरलंय ते सांगतात. बारीक तंतूंचं काम एकच, चटका आणि वेदना मेंदूपर्यंत पोचवणं. इंद्रजितच्या शरीरातली रोगाशी लढणारी फौजच वेडी झाली आणि तिनं हातापायांतले हे बारीक तंतू खाऊन टाकले. हात चालतो, पाय चालतो, ताकद बैलाची; पण मनगटाच्या पुढं आणि घोट्याच्या खाली काहीही झालं तरी दुखत नाही.

ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय मजा आहे! मजा कसली डोंबलाची. खिळा टाचेत घुसला तर संध्याकाळी चपलेतलं रक्त बघून कळतं. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, मग बोट कापतात, मग पाय. इंद्रजितच्या डाव्या पायाची दोन बोटं अशीच गेली होती.

डॉक्टरांनी त्यावर यंत्र काढलं. रुग्णानं कातडीसारखे पातळ हातमोजे आणि पायमोजे घालायचे. त्यांतले कण दाब, चटका, काप ओळखणार आणि एका पट्ट्याला कळवणार. तो पट्टा जिथं बांधाल तिथल्या जिवंत नसांमध्ये तेवढीच वेदना उठवणार. पहिल्यांदा त्यांनी पट्टा रुग्णाच्याच मानेला बांधून पाहिला, कारण मानेतले तंतू शाबूत असतात. पण माणूस मोठा लबाड प्राणी. काम अडलं, घाई झाली, की रुग्ण पट्टा काढून खिशात टाकायचे आणि हात भाजून घ्यायचे. मग डॉक्टर मुजावरांना युक्ती सुचली. स्वतःच्या दुखण्याकडं काणाडोळा करणारा माणूसही जवळच्या माणसाची किंकाळी ऐकून थांबतो. पट्टा दुसऱ्यालाच बांधायचा! त्या दुसऱ्याला दवाखान्यात वाटेकरी म्हणत. सुरुवातीला वेदना वाटेकऱ्याच्या दंडात उठते, पण काही आठवड्यांनी मेंदू शिकतो, आणि मग ती थेट त्याच्या स्वतःच्या तळहातात, टाचेत, बोटांत जाणवायला लागते. मध्ये गावं असली तरी चालतं, मोबाईलची रेंज असली की झालं.

नंदिनी त्याला भेटली ती चुलतबहिणीच्या लग्नात. पंगतीत तांबड्या रश्श्याची बादली घेऊन एक उंच गडी वाढत होता. बादलीची कडी तुटलेली, म्हणून खाली नुसता तळहात लावलेला, आणि रस्सा उकळता. नंदिनीला आधी वास आला.

"अहो! अहो, हात भाजतोय!"

"कुणाचा?" त्यानं हसतच विचारलं.

तिनं बादली ओढून घेतली. तळहाताची कातडी बादलीलाच चिकटून राहिली होती. तो ते बघून लाजला. वेदना नाही, लाज! त्या लाजण्यावर नंदिनी भुलली, आणि पुढं आई-बापाच्या नाकावर टिच्चून तिनं त्याच्याशी लग्न केलं.

"माझं दुखणं घ्यायला कोण तयार होणार?" त्यानं विचारलं होतं.

"द्या की मला," ती म्हणाली होती. तेव्हा अहोजाहो चाललं होतं दोघांचं. ज्या दिवशी पट्टा बांधला, त्या दिवशी त्यानं मुद्दाम स्वतःच्या करंगळीला हळूच चिमटा काढला आणि दुसऱ्या खोलीतून तिचं "आई गं!" ऐकून तो लहान पोरासारखा रडला. कितीतरी वर्षांनी त्याच्या बोटाला कुणीतरी आई गं म्हणालं होतं.

आणि काय सुखाचे दिवस होते ते! इंद्रजितचं घराणं गुळव्यांचं. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो, आटतो, आणि नेमक्या क्षणी ती काहील चुलवाणावरून उतरवावी लागते. लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. तो क्षण ओळखणारा तो गुळव्या. त्या काळात ऊस यंत्रं तोडत होती, आकाशातून ड्रोन औषध मारत होते, पाकाचं तापमान दाखवणाऱ्या काचेच्या नळ्याही आल्या होत्या. पण म्हणूनच हातपरीक्षेच्या गुळाला वेगळा शिक्का आणि वेगळा मान होता. गुळव्या गार पाण्यात बोटं बुडवतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उकळत्या पाकातून चिमूटभर पाक काढतो. इंद्रजितची बोटं मुकी झाल्यापासून त्याचं गुऱ्हाळ बंद पडलं होतं.

नंदिनीनं ते सुरू केलं. तो पाकात बोटं घालायचा, ती काहिलीपलीकडं डोळे मिटून उभी राहायची. पाक कच्चा असला की चटका पसरट यायचा, सगळ्या बोटभर. जसजसा पाक चढायचा तसा तो आकसत जायचा, आणि सुईच्या टोकाएवढा झाला की ती ओरडायची, "उतरा!" चार गडी काहील उचलायचे. गूळ असा उतरायचा की बाजारात लोक हुंगत उभे राहायचे.

घोडं पेंड खायला लागलं ते तिथंच. बाजारात व्यापारी चेष्टेखोर. एक दिवस तो एकटाच गूळ घेऊन गेला, तर एक अडत्या म्हणाला, "वहिनी न्हाई आल्या? मग सौदा उद्या करू की. गुळव्या त्याच, तू नुसता चमचा!" सगळा बाजार हसला. इंद्रजितही हसला. घरी येईपर्यंत त्याचं हसू आंबलं, आणि नंदिनीनं "आज उशीर का रे?" एवढंच विचारल्यावर ती चापट बसली.

"आजारी माणूस हाय," सुंदराबाई तिच्या ओठाला हळद लावताना म्हणाल्या. "चिडचिड व्हायचीच. एवढं मनावर घेऊ नगंस."

"आत्याबाई, आजार त्याच्या बोटांना झालाय. रागाला नाही," नंदिनी म्हणाली.

त्यानं पाय धरले, शपथा घातल्या. तिनं माफ केलं. प्रेम होतं हो तिचं, खोटं कशाला बोला! पण मग दुसरी बसली, तिसरी बसली, आणि मग त्याला एक भयंकर शोध लागला. तिला मारायला तिला हात लावायचीही गरज नव्हती. भांडण झालं की तो भिंतीवर मूठ मारायचा. त्याला काही नाही. ती मात्र स्वयंपाकघरात मूठ पोटाशी धरून खाली बसायची. एकदा त्यानं दाराच्या फटीत बोटं घातली आणि दुसऱ्या हातानं दार ढकललं. तिच्याकडं बघत बघत, अगदी सावकाश.

त्या रात्रीची पहाट होताच ती सांगलीला माहेरी गेली. पट्टा मात्र दंडावरच होता.

"फेकून दे ना तो नाल्यात!" तिचा भाऊ संतापला.

"फेकला तर त्याचे हात जातील," ती म्हणाली. "चुलवाणाशी काम त्याचं. मी ओरडले नाही तर त्याला कोण सांगणार?"

"जाऊ देत की! असले हात हवेत कशाला?"

त्याच हातांनी तिच्या केसांतला गुंता सोडवला होता, न दुखवता. दुखवलं तर आपल्याला कळणार नाही म्हणून जीव मुठीत धरून. ते हात जाऊ देणं तिला जमत नव्हतं. आणि ते हात अंगावर येणं सोसवत नव्हतं. सकाळभर तेच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

दुपारी ती भाचीला भरवत बसली होती. एकाएकी उजव्या तळहातात आग उसळली. चुकून लागलेला चटका ती ओळखत होती. तो येतो आणि जातो. हा जाईना. वाटी उडाली, वरणभात पोरीच्या अंगावर सांडला, नंदिनी जमिनीवर गडाबडा लोळायला लागली. भावानं तिचा हात नळाखाली धरला. पण हात तर शाबूत होता, पाणी कशावर ओतणार? आणि तेवढ्यात फोन वाजला.

"काहिलीच्या काठाला हात लावून उभा हाय," इंद्रजितचा आवाज शांत होता. "येतीस का अजून थोडा वेळ ठेवू?"

"काढ!" ती किंचाळली. "येते! येते मी, काढ हात!"

भाऊ पट्ट्याचं बक्कल शोधत होता. तिनं त्याला ढकलून दिलं. पट्टा निघाला असता तर तिची सुटका झाली असती, आणि तो रागाच्या भरात हाड दिसेपर्यंत तिथंच उभा राहिला असता. हे त्यालाही ठाऊक होतं, हीच तर त्याची मखलाशी.

ती परत आली, पण वाटेत मिरजेला उतरून. डॉक्टर मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझीच चूक झाली," त्या म्हणाल्या. "जवळच्या माणसाची किंकाळी ऐकून माणूस थांबतो, असं मी धरून चालले होते. ती किंकाळी हवीशी वाटणारा माणूस माझ्या हिशेबातच नव्हता. तू पट्टा आत्ता इथं काढून ठेव."

"हातांचं काय मग?"

"तुझ्या जागी दुसरा वाटेकरी हवा. त्याच्या घरात आहे कोण?"

घरात एकच माणूस होतं. नंदिनीनं घरी जाऊन सुंदराबाईंसमोर पट्टा काढून ठेवला आणि सरळ सांगितलं, मी आता हे वाहणार नाही. सुंदराबाई ताठ बसल्या.

"आण हिकडं. नऊ म्हैनं पोटात वागवलाय त्याला, हातापायाचं वज्जं काय जड हाय व्हय मला? तुमा आजकालच्या पोरींना एक चापट म्हंजी आभाळ कोसळल्यागत होतंय."

इंद्रजितला ते मनातून आवडलं नाही, पण आईला नको कसं म्हणणार? पट्टा आईच्या दंडाला गेला. सासूच्या मेंदूनं ते दुखणं नीट ओळखेपर्यंत नंदिनी थांबायची, मग ती मोकळी, असं ठरलं. तेवढे आठवडे तो सुतासारखा सरळ वागला. आईच्या टाचेत काटा बोचला की धावत येऊन स्वतःच्या पायातला काटा काढायचा. नंदिनीला तर वाटायला लागलं, राहावं का? रात्री तो तिच्या उशाशी बसून म्हणायचा, "जाऊ नगंस गं," आणि तिचा जीव गलबलायचा.

पण गुऱ्हाळाला दया नसते. हंगाम ऐन भरात आला आणि तेवढे आठवडे बंद ठेवलेलं चुलवाण पुन्हा पेटलं. सुंदराबाईंना चटका कळायचा, पण त्याची भाषा कळायची नाही. पसरट काय, टोकदार काय, त्या पहिल्याच चटक्याला "उतरा रं!" म्हणून ओरडायच्या. पहिली काहील कच्ची उतरली. दुसऱ्या वेळी त्यांनी दात-ओठ खाऊन सोसलं, तर काहील करपली. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात जोडले आणि त्या घरी येऊन भाकरी थापायला बसल्या. अख्ख्या गावाचा ऊस आणणारे शेतकरी गाड्या वळवून दुसऱ्या गुऱ्हाळाकडं निघून गेले, इंद्रजितच्या देखत.

तो घरात शिरला तेव्हा नंदिनी बाहेरच्या सोप्यात बॅग भरत होती.

"चल गुऱ्हाळावर," तो म्हणाला.

"नाही."

"एक काहील. एकच! पट्टा बांध आणि चल."

"इंद्रजित, मी नाही म्हणाले."

त्यानं तिचे केस धरले. तिचं डोकं भिंतीवर आदळलं. मग त्यानं उजवा हात पूर्ण मागं नेला आणि तोंडावर हाणला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मूठ वळून. नंदिनीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, दात हलला, तोंडात रक्ताची चव आली. आणि त्या सगळ्यात तिच्या ध्यानात आलं, आज फक्त गालच दुखतोय. तळहात गप्प आहे.

स्वयंपाकघरातून किंकाळी आली.

सुंदराबाई दारात आल्या तेव्हा दोन्ही हात पिठानं भरलेले, आणि उजवा तळहात समोर धरलेला, जणू तो त्यांचा नव्हताच.

"आई, काय न्हाई झालं," इंद्रजित म्हणाला. "हळूच..."

"हळूच?" त्या ओरडल्या. "हळूच व्हय रं? माझा पंजा फुटायचा ऱ्हायला न्हवं का मुडद्या! मला सांगतोस हळूच? माज्या हातानं मारलीस तू तिला! माज्या हातानं!"

दाराशेजारी धुणं बडवायचं लाकडी दांडकं उभं होतं. म्हातारीनं ते उचललं आणि लेकाच्या उजव्या हातावर हाणलं. हाणलं आणि स्वतःच कळवळून खाली बसली. उठली, परत हाणलं. इंद्रजित जागचा हलला नाही. त्याला काहीच लागत नव्हतं. तो नुसता बघत होता. फटका त्याच्या बोटांवर पडायचा आणि किंकाळी आईच्या तोंडून यायची. बायकोच्या किंकाळ्या त्यानं हव्या तेव्हा काढल्या होत्या आणि हव्या तेव्हा थांबवल्या होत्या, पण आपल्या मर्जीबाहेरची किंकाळी तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"आई, थांब! हात मोडंल!"

"कुणाचा?" सुंदराबाई म्हणाल्या, आणि सगळं बळ एकवटून तिसरा फटका घातला. कट् असा आवाज झाला. इंद्रजितचं मधलं बोट वाकडं लोंबकळलं आणि सुंदराबाई दांडक्यासकट कोसळल्या.

त्यांचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. नंदिनी रांगत रांगत त्यांच्याजवळ गेली. तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता, पण त्या पट्ट्याचं बक्कल तिला अंधारातही सोडता आलं असतं. तिनं ते सोडलं. सुंदराबाईंनी मोठा श्वास घेतला आणि त्या हुंदके देऊन रडायला लागल्या.

"तूच सोसलंस गं सगळं?" त्या म्हणाल्या. "येवढं? आन मी तुला हळद लावत बसले!"

नंदिनीनं त्यांचं डोकं क्षणभर मांडीवर घेतलं. मग ती उठली, पट्टा हातात घेऊन इंद्रजितसमोर उभी राहिली. त्यानं तिचा दंड पुढं यायची वाट पाहिली. खरंच पाहिली! एवढं झाल्यावरही त्याला वाटलं, ही आता तो आपल्या दंडाला बांधून घेणार.

"मान खाली कर," ती म्हणाली.

का कोण जाणे, त्यानं केली. तिनं पट्टा त्याच्या मानेभोवती घेतला, जिथं त्याचे तंतू जिवंत होते तिथं, आणि बक्कल लावलं.

आधी तो नुसता गोंधळला. मग त्याचे डोळे विस्फारले, तोंड उघडलं आणि त्यातून जो आवाज आला तो शेजारच्या तीन घरांनी ऐकला. तो गुडघ्यांवर पडला, एका हातानं मान आवळून, मोडलेलं बोट छातीशी धरून, कपाळ जमिनीला टेकून. किती वर्षांनी त्याचं स्वतःचं दुखणं त्याच्या घरी आलं होतं.

"येवढं..." त्याला श्वास घेता येईना. "येवढं लागायचं तुला?"

"नाही," नंदिनी म्हणाली. "हे निम्मं. माझ्या वाट्याला गालपण होता."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"काढायचा असेल तर काढ," ती म्हणाली. "बक्कल तुझ्याच हाताला येतं. काढलास की पुन्हा काही दुखणार नाही, आणि हात-पाय एकेक करून जातील. ठेवलास तर दुखेल. आता ते माझ्याकडं येणार नाही, आत्याबाईंकडं येणार नाही. तुझं तू बघ."

"नंदे, जाऊ नगंस. मला कळलं गं आता."

पंगतीतला तो लाजलेला गडी तिला एका डोळ्यानं समोर दिसत होता. तिनं बॅग उचलली. सुंदराबाई भिंतीला धरून उठल्या, तिच्या खांद्यावर पदर सारखा केला आणि थांब म्हणाल्या नाहीत. उलट दार त्यांनीच उघडलं.

नंदिनी पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. शेजारपाजारचे दारात उभे होते. मागं घरातून त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. ती चालत राहिली आणि कान मात्र तिकडंच लावून राहिली. आता थांबेल, आता बक्कल काढेल, आता गप्प होईल. देवळापर्यंत आली, पुढं एस. टी. थांब्यापर्यंत आली.

ओरडणं थांबलं नव्हतं. पट्टा अजून त्याच्या मानेलाच होता.

ती आलेल्या गाडीत चढली, खिडकीशी बसली आणि सुजलेला गाल काचेला लावला. काच गार होती. तिनं उजवा तळहात उघडून पाहिला. त्यात काहीच दुखत नव्हतं.